बॉल चिकटतो, पण जाळीपलीकडे जात नाही

टेबल टेनिसच्या बॅटला लावायच्या चिनी चिकट रबरांबद्दल वाचकांकडून आलेल्या पत्रांत सूर साधारण एकच आहे: नाव मोठं, किंमत परवडणारी, पण लावल्यापासून खेळ बिघडला. त्यातले सात प्रश्न इथे घेतले आहेत. एक खुलासा आधीच करतो. चिकट असतं ते वरचं टॉपशीट आणि कडक असतो तो खालचा स्पंज. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पत्रांत त्यांची सारखी गल्लत झालेली दिसते. निम्म्या तक्रारी चिकटपणाच्या नावाने केलेल्या आहेत आणि मूळ मात्र स्पंजात आहे.

प्रश्न (कोथरूड): वय ४२. पाच वर्षं दोन्ही बाजूंना मऊ जर्मन रबर होतं. दोन महिन्यांपूर्वी फोरहँडला डीएचएस या चिनी कंपनीचं हरिकेन ३ निओ लावलं, स्पंजचा कडकपणा ३९ डिग्री, जाडी २.१५ मिमी. दुकानात बॅट उलटी धरली तरी बॉल खाली पडत नव्हता. खेळताना मात्र टॉपस्पिन मारला की बॉल जाळीत. सर्व्हिस आणि पुश (बॉलच्या खालून हलकेच ढकलायचा फटका) सुधारले, हे मान्य. रबर खराब आलंय का?

उत्तर: रबर ठीक आहे. तुमचा हात अजून जुन्या रबराच्या हिशोबाने चालतो आहे.

मऊ जर्मन रबरात स्पंज ताणलेला असतो. बॉल थोडा जरी रुतला तरी स्पंज तो स्वतःहून बाहेर फेकतो. त्यामुळे मनगट आणि अर्धा हात एवढ्यावर काम भागतं, बॅट बरीच झाकलेली, म्हणजे टेबलाकडे झुकलेली असली तरी बॉल वर उचलला जातो. हरिकेनचा स्पंज असं काही करत नाही. हळू फटक्यात बॉल टॉपशीटलाच लागून सुटतो, स्पंजपर्यंत पोचतच नाही. जितका वेग तुम्ही देता, साधारण तितकाच परत मिळतो. सर्व्हिस आणि पुश सुधारले त्याचं कारणही हेच. तिथे बॉल जोरात दाबायचा नसतो, पातळ घासायचा असतो. चिकट टॉपशीटचा खरा उपयोग अशा हलक्या स्पर्शात होतो आणि मठ्ठ स्पंजामुळे पुश आखूड राहतो. जोरदार लूपमध्ये, म्हणजे टॉपस्पिनच्या फटक्यात, चिकटपणाचं काम कमी आणि स्पंज दाबण्याचं जास्त. बॉल लटकवून दाखवणं हा दुकानदाराचा आवडता खेळ आहे. त्यातून टॉपशीट ताजं आहे एवढंच कळतं.

आता हातात काय बदलायचं ते पाहू. बॅट आधी जितकी झाकत होता त्यापेक्षा थोडी कमी झाका. बॉलला नुसतं वरून पुसू नका. आधी बॉलच्या मागे जा, तो स्पंजात रुतू द्या आणि रुतलेला असतानाच पुढे-वर घासा. कानाने ओळखता येतं: फक्त टॉपशीट घासलं तर 'सर्र' असा बारीक आवाज येतो, बॉल लाकडापर्यंत दाबला गेला तर भरीव 'टक्'. तुम्हाला सध्या 'सर्र'च ऐकू येत असणार. फटका कोपरातून सुरू होत असेल तर तो पुरणार नाही. पाय खांद्यांपेक्षा रुंद ठेवा, उजव्या पायावर बसा, कमरेतून वळा आणि वजन डाव्या पायावर येताना हात सोडा. हात कोपरात आधीपेक्षा मोकळा, जवळजवळ सरळ राहू द्या. वेग सुरुवातीला नको, बॉल लागायच्या क्षणी हवा. सुरुवातीलाच सगळी ताकद खर्च केली की बॉलपर्यंत पोचेस्तोवर हात थंड पडतो आणि बॉल पुन्हा जाळीत.

सराव असा करा. पहिला आठवडा फक्त फोरहँड काउंटर (आलेला बॉल सरळ परत मारणं), साठ टक्के ताकदीने, रोज दहा मिनिटं. 'टक्' आवाज सलग वीस वेळा आल्याशिवाय वेग वाढवू नका. दुसऱ्या आठवड्यात समोरच्याने ब्लॉक द्यायचा, म्हणजे बॅट नुसती आड धरून बॉल परत करायचा, आणि तुम्ही लूप मारायचा. बॉल उसळीच्या सर्वात वरच्या बिंदूला किंवा तिथून किंचित खाली येताना घ्या. बॅकस्पिनवरचा (उलट्या फिरकीच्या बॉलवरचा) लूप तिसऱ्या आठवड्यापासून, तोही एका टोपलीतून वीस-वीस बॉल घेऊन. पहिल्याच दिवशी सामन्यात बॅकस्पिन उचलायला गेलात म्हणून तर हे पत्र लिहावं लागलं. दोन महिन्यांत खांदा दुखायला लागला असेल तर त्याचंही कारण हेच: कमी पडलेला वेग खांद्याने भरून काढला जातो. दुखत असेल तर आठवडाभर थांबा.

आकड्यांबद्दल एक. डीएचएसचे ३९ आणि जर्मन पाकिटावरचे ४७.५ एका पट्टीवरचे नाहीत. ३९ हा आकडा छोटा दिसतो म्हणून मऊ समजून घेणारे बरेच भेटतात. प्रत्यक्षात ते जर्मन पट्टीवर पन्नाशीच्या आसपास किंवा वर जाईल. वजनही बघा. कापल्यावर हरिकेन साधारण ४८ ते ५२ ग्रॅम भरतं. ८६ ग्रॅमचं ब्लेड (बॅटचं लाकूड), ५० ग्रॅमचं हे आणि मागे ४७ ग्रॅमचं दुसरं म्हणजे ग्लूसकट १८५ ग्रॅमच्या आसपास. आधीची बॅट १७५ असेल तर हाताला फरक कळणारच.

ब्लेड कोणतं आहे ते तुम्ही कळवलं नाही. बाहेरच्या थराखालीच कार्बन असलेलं कडक, वेगवान ब्लेड असेल तर कडकावर कडक होतं आणि बॉल रबरावर थांबत नाही. पाच थरांचं साधं लाकडी ब्लेड या रबराला जास्त मानवतं. चीनच्या मा लाँगसारखे खेळाडू फोरहँडला हरिकेनच लावत आले हे खरं, पण राष्ट्रीय संघाला जाणारा माल वेगळा निवडलेला असतो आणि त्या मांड्या दुकानात मिळत नाहीत.

सहा आठवडे प्रामाणिक सराव करूनही जमलं नाही तर कमीपणा मानू नका. यिन्हेचं बिग डिपर ३८ डिग्रीत मिळतं, ते घ्या. किंवा टॉपशीट चिकट आणि स्पंज उसळता असं हायब्रीड रबर घ्या. बटरफ्लायचं डिग्निक्स ०९सी त्याच जातीचं आहे, फक्त आधी खिशाला विचारा. आणि बॅकहँडचं मऊ रबर आहे तसंच राहू द्या. बॅकहँडला मागे हात न्यायला जागाच नसते, तिथे स्पंजची मदत लागते.

प्रश्न (चिंचवड): जून ते सप्टेंबर रबर अचानक घसरतं. सर्व्हिसला स्पिन बसत नाही, ब्लॉक सरळ खाली. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये खेळतो, पंखे आहेत, एसी नाही. एका मित्राने खोबरेल तेलाचं बोट फिरवायला सांगितलं. फिरवू का?

उत्तर: तेल अजिबात नको. तेल रबरात मुरतं, टॉपशीट फुगतं आणि त्याची पकड कायमची जाते. फणस कापताना हाताला तेल लावतात ते चीक चिकटू नये म्हणून. तुम्हाला नेमकं उलट हवं आहे.

पावसाळ्यात होतं ते असं. हवेतलं दमट बाष्प बॉलवर आणि रबरावर अगदी पातळ थर धरतं. साध्या, फक्त पकड असलेल्या रबरापेक्षा चिकट रबराला हा थर जास्त बाधतो, कारण त्याचा सगळा जोर पृष्ठभागाच्या थेट स्पर्शावर. त्यात क्लबहाऊसच्या फरशीवरची धूळ आणि शेजारच्या बांधकामाची सिमेंटची भुकटी. ती चिकट रबरावर पिठीसारखी बसते. चिंचवडात सध्या बांधकाम नाही अशी गल्ली सापडणं अवघडच.

उपाय साधे आहेत, सातत्य मात्र हवं. बॉल दर दोन गेमनंतर कोरड्या सुती रुमालाने पुसा. घसरगुंडीत निम्मा वाटा बॉलचा असतो आणि लोक मात्र बॅटच पुसत बसतात. बॅट घामेजल्या तळव्याने पुसू नका. हात आधी कोरडा करा. गेमच्या मध्ये रबरावर तोंडाने वाफ सोडून तळव्याने पुसतात ती सवय हिवाळ्यात ठीक, जुलैत ती आहे त्या ओलाव्यात भर घालते.

खेळून झाल्यावर स्वच्छ पाण्याचे पाच-सहा थेंब मऊ फोमच्या तुकड्यावर घ्या. मुठीकडून वरच्या टोकाकडे एकाच दिशेने पुसा. गोल गोल घासलं की धूळ फक्त जागा बदलते. स्पंजच्या कडेला पाणी जाऊ देऊ नका, तिथून ग्लू सुटतो. दोन-तीन मिनिटं हवेवर पूर्ण सुकू द्या आणि मगच फिल्म लावा. ओल्या रबरावर फिल्म लावली की आत पाणी कोंडतं आणि दुसऱ्या दिवशी पांढरट डाग दिसतात. भांड्याचा साबण, स्पिरिट, यूडी कोलोन यांतलं काही नको. रबराबरोबर आलेली पारदर्शक फिल्म फेकू नका, तीच बॅटच्या आकारात कापून वापरा. खालच्या कडेपासून बोटाने हवा बाहेर ढकलत बसवा.

चिकटपणा कालांतराने कमी होणारच. तीन महिन्यांनी बॉल लटकत नाही म्हणून रबर मेलं असं नाही. आठवड्यातून तीन दिवस खेळणाऱ्याने सहा-आठ महिने धरून चालावं. मुठीजवळचा आणि मधला भाग हाताला वेगवेगळा लागायला लागला, मधे चकाकी आली, की बदला. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत बॅट ठेवणाऱ्यांना हा हिशोब लागू नाही. आणि डिसेंबरच्या पहाटे रबर कडक आणि कोरडं वाटलं तर घाबरू नका, थंडीत तसं होतं. दहा मिनिटं खेळल्यावर ते मार्गी लागतं.

प्रश्न (बिबवेवाडी): २०२३ मध्ये बालेवाडीला अल्टिमेट टेबल टेनिसचे सामने बघितले तेव्हापासून मुलगी खेळते. आता ११ वर्षांची आहे. तिच्या बॅचमधल्या दोघांकडे हरिकेन आहे, तिलाही तेच हवंय. घ्यावं का?

उत्तर: आत्ता नको. या वयात तिला बॉल रबरात रुतल्याची जाणीव व्हायला हवी. कडक स्पंज दाबायला लागणारी ताकद तिच्यात अजून नाही. मग मुलं दोनपैकी एक करतात: खांदा उचलून मारतात, नाहीतर नुसतं पातळ घासत राहतात. दोन्ही सवयी पुढे मोडायला वर्ष जातं.

पाच थरांचं लाकडी ऑलराउंड ब्लेड घ्या. दोन्ही बाजूंना मध्यम मऊ रबर, १.८ किंवा २.० मिमी. पूर्ण बॅट १७० ग्रॅमच्या आत ठेवा. काटा नसेल तर किराणा दुकानात नेऊन तोला. प्रशिक्षकांचा चिकट रबराचा आग्रहच असेल तर त्यांच्याशी बोलून यिन्हेचं मर्क्युरी २ मऊ किंवा मध्यम स्पंजात घ्या. ते स्वस्तही आहे. चिकट रबरावर सर्व्हिस आणि आखूड पुश शिकवायला सोपं जातं, त्यामुळे प्रशिक्षकांचा मुद्दा अगदीच चूक नाही.

प्रश्न (सहकारनगर): रबर घरी चिकटवलं. मधे दोन फुगे आले आणि दुसऱ्या दिवशी कडा उचलल्या. पाण्याचा ग्लू वापरला होता. काय चुकलं?

उत्तर: फुगे म्हणजे ग्लू पुरता सुकलेला नव्हता. कडा उचलल्या म्हणजे तिथे थर कमी पडला किंवा लावताना रबर ताणलं गेलं.

चिनी स्पंज ग्लू पितो, त्यामुळे स्पंजला दोन पातळ थर द्या आणि ब्लेडला एक. फोमच्या तुकड्याने पसरवा, कडांना मुद्दाम एक हात जास्त. दुधासारखा पांढरा ग्लू पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय पुढचं पाऊल नको. मे महिन्यात पुण्यात याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, जुलैत अर्ध्या तासाच्या वरही जातात. हेअर ड्रायर लावू नका. वर साय धरते आणि खाली ओलं राहतं, फुगे येतात ते त्यातूनच.

ग्लू लावल्यावर स्पंज थोडा फुगतो आणि रबर कमानीसारखं वळतं. घाबरून ते ओढून सपाट करू नका. मुठीच्या कडेला नेमकं जुळवा, मग लाटण्याने किंवा गोल बाटलीने वरच्या टोकाकडे हलक्या हाताने लाटत न्या. ताणून लावलेलं रबर आठवड्यात आक्रसतं आणि लाकडाची कड उघडी पडते. स्पर्धेत रबर कडेपासून २ मिमीपेक्षा जास्त मागेपुढे असेल तर पंच अडवू शकतात. लावून झालं की वर फिल्म, त्यावर सपाट फळी आणि दोन-तीन जाडजूड दिवाळी अंक ठेवा. तासभर पुरे.

कापताना ब्लेड वर आणि रबर खाली असं धरा. कटरचं पातं नवं हवं. कडक स्पंज जुन्या पात्याने फाटतो, कड कुरतडल्यासारखी दिसते. एका दमात फिरवा, थांबत थांबत कापलं की पायऱ्या पडतात.

तुमच्या उचललेल्या कडांसाठी सगळं रबर काढायची गरज नाही. कडेला काडीने दोन्ही बाजूंना पातळ ग्लू द्या, पारदर्शक होऊ द्या आणि दाबा. फुगे मात्र रबर काढल्याशिवाय जाणार नाहीत. काढताना मुठीच्या एका कोपऱ्यातून सुरू करून तिरकं, अगदी सावकाश सोलत जा. जोरात ओढलं की लाकडाचे तंतू निघतात. नव्या ब्लेडवर पाण्याच्या वार्निशचा एक पातळ हात आधीच दिला असेल तर हा धोका बराच कमी. स्पंजवरचा जुना ग्लू निघत नसेल तर खरवडू नका. थर सपाट असेल तर त्यावरच नवा द्या, नाहीतर स्पंजचे तुकडे हातात येतील.

प्रश्न (औंध): क्लबमध्ये काही जण हरिकेनला बूस्टर (स्पंज फुगवणारं तेलकट द्रव्य) लावतात. कडकपणा जातो, वेग येतो. जिल्हा स्पर्धेत चालतं का?

उत्तर: नाही. कारखान्यातून आलेल्या रबरावर नंतर कोणतीही रासायनिक किंवा भौतिक प्रक्रिया करायची नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पूर्वी पटकन उडून जाणाऱ्या द्रावकांचा स्पीड ग्लू सर्रास चालायचा. बीजिंग ऑलिंपिकनंतर, सप्टेंबर २००८ पासून तो बंद झाला आणि मग तेलकट बूस्टर आले. हरिकेनचं निओ हे त्याच काळातलं उत्तर: स्पंजवरची प्रक्रिया कारखान्यातच केलेली, म्हणून ते नियमात बसतं.

अनेक जण लावतात आणि पकडले जात नाहीत, हे आम्हालाही ठाऊक आहे. तरी व्यवहार म्हणून पाहा. बूस्टरने स्पंज फुगतो. ग्लूसकट रबराची जाडी ४ मिमीच्या वर गेली की बॅट बाद. २.२ मिमीच्या स्पंजाला तिथपर्यंत पोचायला फार काही लागत नाही. शिवाय काही आठवड्यांनी परिणाम ओसरतो, स्पंज आक्रसतो आणि दर महिन्याला तुमच्या हातात वेगळीच बॅट असते. सवय बसणार कशाची? मऊ हवं असेल तर मऊ घ्या.

प्रश्न (कात्रज): फोरहँडला काळं की लाल? काळं जास्त चिकट असतं म्हणतात.

उत्तर: चिनी खेळाडू बहुतेक काळं फोरहँडला लावतात, तेव्हा मोडता घालायचं कारण नाही. पण आपल्या पातळीवर दोन पाकिटांतला फरक दोन रंगांतल्या फरकापेक्षा मोठा निघतो. ऑक्टोबर २०२१ पासून एक बाजू काळी आणि दुसरी लाल, गुलाबी, जांभळी, हिरवी किंवा निळी चालते. काळी बाजू असायलाच हवी, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न (हडपसर): मी चिकट रबर लावत नाही, पण समोरचा लावतो. त्याची आखूड सर्व्हिस उचलायला गेलो की जाळीत, आणि जपून खेळलो की बॉल वर उडतो. हळू लूपवर माझा ब्लॉक टेबलाबाहेर जातो.

उत्तर: सामन्याआधी त्याची बॅट मागून घ्या आणि बघा, तो तुमचा हक्क आहे. रबर चिकट आहे का आणि कुठल्या बाजूला, हे कडेला बोटाचं टोक हलकेच टेकवून कळतं. सबंध अंगठा फिरवू नका. त्याने आत्ताच पुसलेलं असतं आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

सर्व्हिसचं म्हणाल तर तुम्ही तिच्यातल्या दोन प्रकारांत फसता आहात. एकात भरपूर बॅकस्पिन असतो, दुसऱ्यात हालचाल तीच पण स्पिन जवळजवळ नाही. हात पुढे किती गेला ते बघू नका, तो दिखावा असतो. बॉलवरचा छापील शिक्का बघा. स्पष्ट वाचता आला तर स्पिन नाही, धूसर वर्तुळ दिसलं तर भरपूर आहे. तुमच्या बाजूच्या टप्प्यानंतर बॉल थबकला तरी तोच अर्थ. थबकला तर बॅट उघडी ठेवून बॉलच्या खाली जा आणि पुढे ढकला, वर उचलू नका. सरळ पुढे सरकला तर बॅट झाकून टप्प्यावरच फ्लिक (मनगटाचा छोटा झटका) करा. शंका असेल तेव्हा लांब पुश, त्याच्या बॅकहँडच्या कोपऱ्यात.

हळू लूप टप्पा पडल्यावर पुढे झेप घेतो. तो वर येईपर्यंत थांबलात की गेला. टप्प्यानंतर लगेच घ्या, बॅट नेहमीपेक्षा जास्त झाका आणि मूठ सैल ठेवा. घट्ट मुठीने त्याचा सगळा स्पिन तुमच्या बॅटवरून वर चढतो.

आणि त्याला टेबलाजवळ उभं राहू देऊ नका. दोन बॉल खोल फोरहँडला, तिसरा खोल बॅकहँडला, असं करत त्याला मागे ढकला. टेबलापासून दीड-दोन मीटरवर गेला की कडक स्पंजातून वेग काढायला प्रत्येक फटक्याला पूर्ण अंग लावावं लागतं. तिसऱ्या गेमनंतर त्याचे बॉल आखूड पडू लागतील. ते टप्प्यावरच घ्या.